मोबाइलला लस टोचणारे काका

चिखलीत आमच्या घरमालकांच्या घरात शिरायचं, तर ओसरीत आधी चपला काढायच्या आणि मग मोबाइल काढायचा. चपलांना कोपरा होता, मोबाइलला डबा होता. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, एके काळी शेवया ठेवायचा. त्यात मोबाइल पाव तास बसला की काका झाकण उघडायचे, तळहाताची उलटी बाजू त्याच्या पाठीला लावायचे आणि म्हणायचे, "हं, ने आता अंदर. ताप नाही."

त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत मी नऊ वर्षं काढली. या नऊ वर्षांत माझा मोबाइल जितक्या वेळा तपासला गेला, तितक्या वेळा माझा रक्तदाब कुणी तपासला असता, तर आज मला गोळ्या लागल्या नसत्या. अर्थात गोळ्या कुणामुळे लागल्या, हेही मला ठाऊक आहे.

काका पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी अमडापूरच्या आसपासच्या गावांत गेली. लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या या ढोरांच्या रोगांशी त्यांचं घरगुती वैर. लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि तेही "मी डॉक्टर नाही" असं कधी म्हणाले नाहीत. निवृत्तीनंतर मुलीनं हौसेनं स्मार्टफोन घेऊन दिला आणि पहिल्याच आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी इशारा टाकला, की मोबाइलला व्हायरस लागतो, सावध राहा.

झालं. दुसरा कुणी असता तर त्यानं चार लोकांना विचारलं असतं, की बाबा, मोबाइलचा व्हायरस म्हणजे नेमकं काय? काकांना विचारायची गरज वाटली नाही. विषाणू हा शब्द त्यांच्या ओळखीचा, आणि ओळखीच्या माणसाची चौकशी आपण कशाला करतो?

"विषाणू तो विषाणू," ते मला म्हणाले. "ढोरात शिरला काय न मोबाइलात शिरला काय. पहिले वेगळं बांधा, मंग लस टोचा, न चारापानी एकत्र करू नका. तीन गोष्टी."

चारापाणी म्हणजे चार्जर. घरात तीन मोबाइल आणि तिघांचे तीन चार्जर, प्रत्येकाला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. काकूंचा मोबाइल चुकून त्यांच्या चार्जरला लागला, की "उष्टं करून ठेवलं!" म्हणून ते चार्जरची पिन कापसानं पुसत बसत. एकदा माझ्या बायकोनं काकूंकडून चार्जर मागून आणला. काका जिना चढून वर आले, तिच्या हातातून चार्जर काढून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, मीठ-साखर काही मागा. ह्ये नका मागू."

त्यांनी मोबाइलांचं रजिस्टर ठेवलं होतं. जनावरांच्या नोंदी करतात तसं. माझी नोंद मी स्वतः वाचली आहे: "रंग काळा. उजव्या शिंगाजवळ तडा. मालक माडीवरचे बाबू. स्वभाव : तापट." स्वभाव मोबाइलचा की मालकाचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. प्रत्येक मोबाइलच्या पाठीवर त्यांनी पिवळा चौकोनी कागद चिकटवून आकडा घातला होता, गाईच्या कानात बिल्ला मारतात तसा. मी शाळेत कारकून. मुख्याध्यापकांनी एकदा टेबलावरचा माझा मोबाइल उचलून विचारलं, "हे सात नंबर काय आहे?" मी म्हणालो, "सर, ते आमच्या घरमालकांचं." सरांनी मोबाइल जपून खाली ठेवला आणि नंतर रुमालाला हात पुसले. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

लसीकरण पावसाळ्याच्या आधी व्हायचं. ढोरांना घटसर्पाची लस तेव्हाच टोचतात, म्हणून मोबाइललाही तेव्हाच. मे महिन्यातल्या एका रविवारी काका ओसरीत सतरंजी टाकून बसायचे आणि गल्लीतली माणसं मोबाइल घेऊन यायची. लस म्हणजे अँटिव्हायरसची अ‍ॅपं. फुकट मिळतील तेवढी. काका अ‍ॅप टाकून द्यायचे आणि मोबाइल परत देताना बजावायचे, "दोन दिवस जास्त काम देऊ नका याले. जरासा गळाठते."

तो खरंच गळाठायचा, आणि दोन दिवसांनीही सावरायचा नाही.

त्यांच्या स्वतःच्या मोबाइलात पाच अँटिव्हायरस होते. एक लाळ-खुरकताचा, एक फऱ्याचा, एक घटसर्पाचा, एक लम्पीचा आणि पाचवा जादाचा. एका ओट्यावर पाच कुत्री बांधल्यासारखे ते दिवसभर एकमेकांवर भुंकत. पहिला म्हणे, दुसरा धोकादायक आहे. दुसरा म्हणे, तिसऱ्यामुळे बॅटरी संपते आहे. या सगळ्यात फोनची घंटा वाजायची राहून जायची. पडद्यावर हिरवी ढाल फिरत राहायची आणि खाली लिहून यायचं, "तुमचा फोन सुरक्षित आहे." इतका सुरक्षित, की त्यात माणसाचा आवाजसुद्धा शिरू शकत नव्हता. काकांशी बोलायचं असलं, की लोक मला फोन करायचे. मी पोळी ताटात टाकून जिना उतरायचो.

आता माझी बाजू सांगतो. मी संगणकाचा कोर्स केलेला, शाळेचे सगळे ऑनलाइन फॉर्म भरणारा, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलेला माणूस. माझं मत पक्कं होतं आणि ते मी न विचारता सांगायचो.

"काका, मोबाइलले काही होत नसते. व्हायरस कॉम्प्युटरले होते. मोबाइलचं सगळं भीती दाखवायचं काम आहे."

"अस्सं? लम्पीच्या टायमाले अमडापूरचे लोकही असंच म्हनत होते, बाबू. आमच्या ढोराले काही होत नसते म्हने."

"ढोर वेगळं, मोबाइल वेगळा!"

"तुह्यासाठी वेगळा. त्याले इचारलं का तू?"

असा वाद दर आठवड्याला. आवाज वाढला की काकांची मुलगी आतून यायची. ती बुलडाण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची, त्यामुळे लक्षणं ऐकून निष्कर्ष न काढण्याची तिला सवय होती.

"तुम्ही दोघंही चुकून राह्यले," ती म्हणायची. "दादा, मोबाइलमध्ये घातक सॉफ्टवेअर शिरते, नाही कसं? पण बाबा, ते शेजारी ठेवल्यानं नाही लागत. चार्जरनं नाही लागत. बाहेरून कोणी फाइल पाठवते, आपण ती उघडतो, फोन इचारते 'हे अ‍ॅप टाकू का', आपण हो म्हणतो. आपणच दार उघडून देतो त्याले. अनोळखी अ‍ॅप टाकायचं नाही अन् फोनचे अपडेट येतात ते करायचे, तेवढं केलं तरी पुष्कळ झालं. तुमच्या या पाचपैकी चार अ‍ॅपं तर नुसत्या जाहिराती दाखवतात."

काका विचारात पडायचे. "चार? कोनते चार?"

"ते मी कसं सांगू?"

"मंग पाचही राहू दे."

आणि माझ्याकडे विजयी नजरेनं बघायचे. आपल्या गोठ्यातलं एकही जनावर, म्हणजे मोबाइल, आजवर आजारी पडलं नाही, हे ते दर चार वाक्यांनी ऐकवायचे. तीच त्यांची मिळकत, तोच मान. निवृत्त माणसाला दुसरं असतं काय?

या मुलीच्या लग्नाचं काकूंनी मनाला फार लावून घेतलं होतं. तिनं तिशी ओलांडली होती. स्थळं यायची, पोहे खायची आणि जायची. का जायची, हे मी पहिल्या परिच्छेदात सांगितलं आहे. आलेल्या पाहुण्यांच्या हातातला मोबाइल काढून शेवयांच्या डब्यात घातला, वर त्याला नंबर दिला, तर पाहुणे पोहे तरी कसे खाणार? एक मुलगा तर डब्यात फोन वाजतोय म्हणून उठला आणि फोन घेऊन तसाच बाहेर पडला.

मग पिंपळगाव राजाचं स्थळ आलं. खरं म्हणजे आलं नाही, तिनंच आणलं. मुलगा शेतीचं शिकलेला, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवणारा. आईच्या रक्ताचा नमुना घेऊन लॅबमध्ये यायचा आणि रिपोर्ट मिळाल्यावरही थांबायचा. हे तिनं माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला, आणि आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. "वहिनी," ती बायकोला म्हणाली होती, "हे नाही जमलं तर यापुढं मी कोणासमोर चहा घेऊन येणार नाही. सांगून ठेवते."

पाहायचा कार्यक्रम झाला. मुलाचे वडील, मुलाचे काका आणि मुलगा, असे तिघं आले. मी आधीपासून काकांना विनवलं, हात जोडले, माझ्या बायकोनं शपथ घातली. काकांनी मान डोलावली. तिघं ओसरीत आले आणि काकांनी डबा पुढे केला.

मुलानं हसून मोबाइल टाकला. त्याला बहुधा आधीच कळवलेलं असावं. वडिलांनी भुवया उंचावल्या, पण टाकला. मुलाच्या काकांनी विचारलं, "आम्ही काय चोर आहोत?"

"नाही, नाही. चोर असते तं बाहेरच ठेवले असते," आमचे काका म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. पण मुलगी पसंत पडली होती, आणि पुढच्या रविवारी कुंकू लावायला येतो, असं ठरवून ते गेले. जाताना मुलाच्या वडिलांनी काकांचा नंबर घेतला, तिथल्या तिथे लावून पाहिला, हिरवी ढाल फिरताना पाहिली आणि माझा नंबर घेतला.

इथून पुढचं सांगताना माझी मान आपोआप खाली जाते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, माझ्या एका मावसभावाकडून मेसेज आला. "आमच्या घरचे लग्न. पत्रिका पाठवत आहे. नक्की या." खाली फाइल. आमच्याकडे पत्रिका न पाहणं म्हणजे काय असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मागे एकाची पत्रिका दोन दिवस उशिरा पाहिली म्हणून तो तीन वर्षं बोलला नव्हता. मी लगेच फाइल दाबली. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलेलं हे अ‍ॅप टाकायचं का? मी म्हटलं, अनोळखी कसं, मावसभाऊ आहे. हो. फोननं विचारलं, याला मेसेज वाचायची परवानगी द्यायची? हो. याला तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर बघू द्यायचे? बघ बाबा, एकदाची पत्रिका दाखव. हो.

पत्रिका उघडलीच नाही. मी म्हटलं, मावसभावाला फाइलसुद्धा नीट पाठवता येत नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"बाबूसाहेब, आमच्या पोराले काऊन फिरवलं तुम्ही?"

"काय झालं, दादा?"

"काय झालं म्हनता? पोरीचं लग्न दुसरीकडं जमवलं, पत्रिका छापल्या, न आम्हालेच पत्रिका धाडता? 'आमच्या घरचे लग्न, नक्की या' म्हने! आज आम्ही कुंकू घेऊन येनार होतो. सगळ्या भावकीले सांगतलं आहे म्या. तोंड दाखवाले जागा नाही ठेवली."

मी मेसेजांचा कप्पा उघडला. माझ्या नंबरवरून, मला न विचारता, माझ्या यादीतल्या प्रत्येक माणसाला लग्नाचं निमंत्रण गेलं होतं. मुख्याध्यापकांना, दूधवाल्याला, सासऱ्यांना, गॅसवाल्याला आणि पिंपळगाव राजाच्या होऊ घातलेल्या व्याह्यांना.

"दादा, ते मी नाही पाठवलं. मोबाइलनं आपोआप पाठवलं. व्हायरस आहे तो."

ते म्हणाले, "बाबूसाहेब, मोबाइलले काही होत नसते. ते मानसाचे बहाने आहेत." आणि फोन ठेवला.

माझं मत पहिल्यांदा कुणीतरी शब्दाशब्दानं मान्य केलं होतं.

खाली जाऊन सांगितलं तेव्हा काकूंनी देवघरातले देव पाण्यात घातले. मुलीनं आधी माझा फोन घेऊन इंटरनेट बंद केलं, मला बायकोच्या फोनवरून बँकेला कळवायला लावलं आणि मग स्वतःच्या फोनवरून त्या मुलाला फोन लावला. त्याला अर्ध्या मिनिटात समजलं. पण तो म्हणाला, "बाबाले पटून नाही राह्यलं. माहे काका म्हनून राह्यले, तो भाडेकरूच सोयरीक मोडून राह्यला, त्याची कोनी साळी असन लग्नाची. फोनवर नाही मिटत आता हे. मोठं मानूस येऊन बोललं पायजे." मग तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आत गेले, पांढरा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "चाल बे. तू बी चाल. ज्याच्यावर संशय आहे तो घरी बसला का संशय पक्का होते."

चिखली ते खामगाव एसटीत त्यांनी मला जे ऐकवलं, ते पूर्ण लिहिलं तर वेगळं पुस्तक होईल. "तीनदा इचारलं तुले त्या बिचाऱ्या यंत्रानं. तीनदा! माह्या बैलानंही एवढं इचारलं नसतं." अमडापूर मागं पडलं तेव्हा म्हणाले, "म्या टोचलेल्या लशी काढून टाकल्या होत्या तू. म्हने फोन हळू चालते. आता पळतो ना? साऱ्या जिल्ह्यात पळून राह्यला." आसपासची माणसं ऐकत होती. एका बाईंनी माझ्याकडे दयेनं पाहून मांडीवरची पिशवी जरा दूर सरकवली. उंद्रीच्या पुढं ते म्हणाले, "इतके साल झाले, माह्या हाताखाली एक फोन आजारी नाही पडला. तू नाक कापलं." आणि मग खामगावपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

खामगावहून जीप करून पिंपळगाव राजाला पोचलो. अंगणात मुलाचे वडील खाटेवर बसलेले, मुलाचे काका उभे. मुलगा दारात. पाणी आलं, पण कुणी "बसा" म्हटलं नाही. आम्ही आपले बसलो.

मुलाचे काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याले काऊन आनलं? यानंच केलं ना हे?"

मी तोंड उघडणार, तोच काकांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, "दादा, ते जाऊ द्या. आधी सांगा, ते पत्रिका आली ते तुम्ही उघडली का?"

"उघडून पाह्यली. उघडलीच नाही."

"मोबाइलनं काही इचारलं?"

"इचारलं काहीतरी. म्या हो म्हनलं."

"किती डाव?"

ते आठवू लागले. "तीन असन."

काकांनी लांब श्वास सोडला. गोठ्यात शिरून पहिल्या गाईच्या तोंडाला फेस दिसल्यावर ते असाच सोडत असतील. ते काही बोलणार, एवढ्यात फाटकातून एक म्हातारी काठी आपटत आत आली. मुलाच्या वडिलांची मोठी बहीण.

"काऊन रे," ती अंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "पोराचं लग्न धरलं न आत्याले मोबाइलवर पत्रिका? अक्षता घेऊन याले पाय मोडले का तुहे?"

"कोनती पत्रिका, बाई?"

"आता तुह्याच मोबाइलावरून आली! माह्या नातवानं वाचून दाखवली."

मुलाच्या वडिलांनी खाटेवरचा मोबाइल उचलला, बघितलं आणि तो विस्तव असल्यासारखा परत टाकला. तेवढ्यात तो वाजला. कुणी सोयरा पलीकडून विचारत होता, लग्न कधीचं काढलं आणि आम्हाला आधी काऊन नाही सांगतलं. तो ठेवला तर दुसरा. मुलाचे काका माझ्याकडे रोखलेलं बोट हळूहळू खाली घेऊ लागले. त्यांनीही आपला फोन खिशातून काढून पाठीमागे लपवलेला मी पाहिला.

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. आता त्यांना राग नव्हता, लाज होती. सकाळीच मोबाइलला काही होत नसतं म्हणणारा माणूस, त्याच्या नावानं गावभर निमंत्रणं फिरत होती आणि सगळी भावकी हसणार होती. ते आत जायला उठले. मला वाटलं, गेलं. दोन्ही घरं आता लाजेनं एकमेकांचं तोंड टाळतील आणि ही सोयरीक कायमची अशीच अडकून राहील.

तेव्हा काका म्हणाले, "दादा, बसा. तुमचा दोष नाही. या बाबूचाही नाही. आजार माह्या फोनातून निघाला."

त्यांच्या फोनात तर साधा कॉलसुद्धा शिरत नव्हता.

"माह्या फोनाले झालं होतं. माह्यातून बाबूच्या फोनात गेलं, बाबूच्या फोनातून तुमच्या. लोक इचारतीन तं सांगा, चिखलीच्या व्याह्यानं आनला आजार."

व्याही. हा शब्द त्यांनी इतक्या सहज टाकला, की कुणाला तो अडवताच आला नाही. मुलाचे वडील उभे होते ते खाली बसले. मुलाच्या काकांनी लपवलेला मोबाइल हळूच समोर धरला. "डॉक्टर, याच्यावरही आलं होतं. म्या बी हो म्हनलं."

"आना इकडं," काका म्हणाले. "न घरात अजून कोनाकोनाचे आहेत?"

मग तो माणूस कामाला लागला. अंगणातल्या प्रत्येकाचा मोबाइल बंद करायला लावला, मुलाचा चांगला होता तोही. "दुकानात नेऊन साफ करून घ्या, तोवर चालू नाही करायचा. बँकेले सांगा. मुख्य म्हनजे गावाले सांगा, कोनी पत्रिका उघडू नका म्हना." गावाला कसं सांगायचं? फोन तर सगळे बंद. काकांनी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्याकडे पाहिलं.

मुलाचे काकाच गेले. दहा मिनिटांनी भोंगा खरखरला आणि आवाज सगळ्या गावावरून फिरला:

"सर्व गावकऱ्यांना कळवन्यात येते का, आमच्या चिखलीच्या व्याह्यांच्या मोबाइलातून एक आजार आलेला आहे. लग्नाची पत्रिका म्हनून फाइल येईन, तं कोनीही उघडू नये. लग्न ठरलेलं आहे, पन पत्रिका खोटी आहे. तारीख नंतर कळवू."

हे दोनदा सांगितलं. बाजूच्या अंगणातून कुणी हसल्याचं ऐकू आलं. काका खाटेच्या कडेला ताठ बसले होते. आपल्या मोबाइलातून आजार आला, हे ज्या माणसानं कुणाला स्वप्नातसुद्धा म्हणू दिलं नसतं, त्याचं नाव आजारासकट गावभर घुमत होतं. मुलाची आई साखर घेऊन बाहेर आली.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "काका, तुमच्या फोनाले तर काहीच झालं नव्हतं."

"मग?"

"मग काऊन म्हणाले तसं?"

त्यांनी मला मूर्ख कारकुनाकडे पाहावं तसं पाहिलं. "बाबू, गावात साथ आली का लोक आजारी ढोर लपवतात. लाजतात. शेजाऱ्याले कळन, बाजारात कोनी उभं नाही करनार म्हनून. पहिल्यानं कोनाले तरी म्हना लागते का माह्या गोठ्यात आहे. मंग बाकीचे बाहेर काढतात. म्या किती गावात सरपंचाच्या पाया पडलो, का तुम्ही म्हना पहिले. कोनी म्हनत नसते." थोडं थांबून म्हणाले, "आज म्हना लागलं."

मी त्यांना एकदा थँक्यू म्हणालो. ते म्हणाले, "थँक्यू काय करतो. तीनदा हो म्हनला तू. तीनदा." आणि चिखलीपर्यंत तेच.

सगळे फोन बंद होते, म्हणून घरी कुणाला काही कळवता आलं नव्हतं. चिखलीच्या स्टँडवर ती उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून पार चुरगळलं होतं. एसटी थांबायच्या आत काकांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "जमलं वो!" आणि स्टँडवरचे सगळे वळून बघायला लागले.

तिनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांचं निदान ती लहानपणापासून ऐकत आली होती. मी उतरलो तशी ती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "दादा, खरंच? त्यांच्या घरचे स्वतः हो म्हणाले?"

"भोंग्यावरून म्हणाले," मी सांगितलं. "दोनदा."